बदकिणी ओळखायच्या तर आधी चोच बघा

भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात बदकांचा थवा उतरला की नर पटकन ओळखू येतात. माद्या मात्र सगळ्या सारख्याच तपकिरी, ठिपक्याठिपक्यांच्या. अशा वेळी अंगावरच्या रंगात अडकू नका, आधी चोच बघा. पसरट, फावड्यासारखी असेल तर ती थापट्याची मादी, विषय संपला. चोच राखाडी, मान लांब, डोकं साधं तपकिरी आणि शेपूट टोकदार असेल तर तलवार बदक. चोचीच्या कडा नारिंगी आणि पंखावर छोटा पांढरा चौकोन दिसला तर गॅडवॉल. पोहताना हा चौकोन कधीकधी झाकलेला असतो, म्हणून जरा थांबा.

खरा घोळ होतो तो भुवई बदक आणि कॉमन टीलमध्ये. दोन्ही लहानखुऱ्या, त्यात अनेकदा शेजारीशेजारी. इथे चेहरा वाचायचा. भुवई बदकाच्या मादीला डोळ्यावर फिकट भुवई, डोळ्यातून जाणारी गडद रेघ, खाली गालावर आणखी एक रेघ आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका असतो. टीलचा चेहरा त्यामानाने सपाट. मात्र शेपटीच्या बुडाशी बाजूला एक फिकट पट्टी दिसते.

ऑक्टोबरमध्ये मात्र सांभाळून. तेव्हा भुवई बदकाचे नरही मादीसारखेच दिसतात. उडताना पंखाचा पुढचा भाग निळसर राखाडी चमकला, की समजायचं बाई नाही, बुवा आहे!