पिकअपच्या ट्रान्समिशन कूलर लाइन फुटण्याआधी बदला
अमेरिकेच्या उत्तरेकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. तिथल्या जुन्या शेवरले सिल्वेराडोसारख्या पिकअपमध्ये गिअरबॉक्सचं (ट्रान्समिशनचं) तेल थंड व्हायला रेडिएटरकडे नेणाऱ्या-आणणाऱ्या स्टीलच्या नळ्या, म्हणजे या लाइन, क्लॅम्पखाली आधी गंजतात. रबर जिथे नळीवर दाबून बसवलंय तिथे तेलकट धूळ दिसली, की दोन्ही लाइन एकदमच बदला. लाइन फुटली की तेल पंपच बाहेर फेकतो. मग गिअरबॉक्स जळायला वेळ लागत नाही.

इंजिन गार होऊ द्या, खाली ट्रे ठेवा. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच पेनेट्रेटिंग ऑइल (गंजात मुरणारं तेल) मारा. रेडिएटरचं फिटिंग दुसऱ्या पान्याने धरूनच नट सोडवा, नाहीतर टाकीच पिळवटते. क्विक-कनेक्टची (नळी नुसती ढकलून बसवायच्या जोडाची) क्लिप नवीच घाला. नळी ढकलल्यावर ‘टक्’ ऐकू आलं पाहिजे, तरीही ओढून बघा. रबरी होज ट्रान्समिशन तेलाचाच घ्या. पाण्यासाठीचा होज तेलाने फुगतो. शेवटी मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच तेल भरा, इंजिन चालू, गिअर पार्कमध्ये ठेवून तेल गरम असताना डिपस्टिकवर पातळी बघा.