कायमच्या दातांच्या आकारातील फरक कसा मोजावा

एखाद्या लोकसमूहातील कायमच्या दातांच्या आकारात किती फरक आहे हे मोजताना मुख्य अडचण अशी येते की बहुतेक दातांच्या बाबतीत प्रमाण विचलनच, म्हणजे मापे सरासरीपासून साधारण किती दूर पसरली आहेत हे सांगणारा आकडाच, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. मोजणाऱ्याच्या हाताची चूक त्याच्या जवळ पोहोचली, तर मिळालेले आकडे दातांऐवजी त्या हाताचेच वर्णन करू लागतात.

निवडीपासूनच काळजी घ्यावी. शेजारचे दात एकमेकांवर घासून त्यांच्या बाजू वयानुसार झिजतात आणि रुंदी कमी भरते, म्हणून दुसऱ्या दाढा पूर्ण उगवलेल्या, साधारण १३ ते २० वर्षे वयाच्या व्यक्ती घ्याव्यात. किडलेले, भरलेले किंवा टोपी बसवलेले दात वगळावेत. दातांचा आकार बराचसा आनुवंशिक असल्यामुळे सख्खी भावंडे एकत्र घेतल्यास समूहातील फरक प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

तोंडात थेट मोजण्यापेक्षा प्लॅस्टरच्या प्रतिकृतीवर मोजणे सोयीचे, कारण तीच प्रतिकृती पुन्हा हाती घेता येते. मात्र दातांचा ठसा ज्यात घेतात तो अल्जिनेट या लवचीक पदार्थाचा साचा पाणी सुटून आक्रसतो, तेव्हा प्लॅस्टर ओतायला उशीर करू नये. बारीक टोकांच्या व्हर्नियर कॅलिपरने प्रत्येक दाताची दोन मापे घ्यावीत: शेजारच्या दातांकडील दोन बाजूंमधले सर्वाधिक अंतर, आणि त्याला काटकोनात, गालाकडील व जिभेकडील पृष्ठांमधले सर्वाधिक अंतर. वेड्यावाकड्या दाताच्या बाबतीत कॅलिपर जबड्याच्या रेषेत नव्हे, तर त्या दाताच्याच अक्षानुसार धरावा. डिजिटल कॅलिपर ०.०१ मिमी दाखवतो, पण म्हणून मापही तितके अचूक ठरत नाही.

अचूकता तपासण्यासाठी काही प्रतिकृती काही दिवसांनी, आधीचे आकडे न पाहता, पुन्हा मोजाव्यात. पहिल्या व दुसऱ्या मापाच्या प्रत्येक जोडीतील फरकांच्या वर्गांची बेरीज जोड्यांच्या दुप्पट संख्येने भागून वर्गमूळ काढावे. या सूत्राला स्वीडिश संशोधक डालबर्ग यांचे नाव आहे. येणारी चूक प्रमाण विचलनाच्या मानाने अगदी लहान असेल, तरच पुढे जावे. मोजणारे दोघे असल्यास एकमेकांशीही तुलना करावी, आणि हे पाऊल घाईत वगळण्याचा मोह आवरावा.

गणित त्यामानाने सोपे आहे. स्त्री व पुरुष वेगळे ठेवावेत, कारण पुरुषांचे दात सरासरीने मोठे असतात आणि हा भेद सुळ्यांत सर्वाधिक दिसतो. डावा व उजवा दात ही दोन स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत. एकच बाजू किंवा दोहोंची सरासरी घ्यावी. लहान-मोठ्या दातांची तुलना नुसत्या प्रमाण विचलनावर न करता, त्याला सरासरीने भागून आणि शंभराने गुणून मिळणाऱ्या विचरण गुणांकावर करावी. समजा, वरच्या मधल्या पटाशीच्या दाताची सरासरी ८.५ मिमी व विचलन ०.५ मिमी आले, तर गुणांक ५.९ टक्के होतो. शेजारच्या दाताचे हेच आकडे ६.५ व ०.६ असतील, तर तो ९.२ टक्क्यांवर जातो. वरचा हा दुसरा दात शेजारच्या मधल्या दातापेक्षा, आणि अक्कलदाढ पहिल्या दाढेपेक्षा अधिक बदलती असते. तुमच्या तक्त्यात नेमके उलटे दिसले, तर नवा शोध लागल्याचे समजण्याआधी कॅलिपर पुन्हा हातात घ्यावा.