थेंबाला तासभर द्या : पोलॉक्सामर आणि तेल-पाण्याच्या सीमेवरचा ताण

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी सलग तीन आठवडे मोजणी केली आणि ती सगळी वाया गेली. पाण्यात विरघळवलेलं पोलॉक्सामर तेल-पाण्याच्या सीमेवरचा ताण किती उतरवतं, एवढंच मोजायचं होतं. एका द्रवात दुसऱ्याचा थेंब सुईच्या टोकावर धरायचा, यंत्र त्याचे फोटो काढतं आणि थेंबाच्या आकारावरून ताण काढतं. वही घेऊन गेले, तर मॅडमनी आकडे पाहिलेच नाहीत. "थेंब किती वेळ पाहिलास?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, दोन मिनिटं. साबणासारख्या छोट्या रेणूंना तेवढा वेळ पुरतो आणि मला तीच सवय होती. आता लॅबमध्ये नवीन मुलं आली की मी यंत्र चालू करण्याआधी त्यांना रेणू समजावून सांगते.

पोलॉक्सामर हा तीन तुकड्यांचा ब्लॉक कोपॉलिमर. मधला तुकडा पॉलिप्रॉपिलीन ऑक्साइडचा, त्याला पाणी नकोसं असतं. दोन्ही टोकांना पॉलिइथिलीन ऑक्साइडच्या शेपट्या, त्या पाण्यात रमतात. पोलॉक्सामर ४०७ (लॅबमध्ये सगळे एफ-१२७ म्हणतात) घेतलं, तर मधे साधारण ६५ कड्या, प्रत्येक शेपटीत १००, रेणुभार सुमारे १२,६००. नावातला शेवटचा ७ म्हणजे वजनाने ७० टक्के शेपट्याच. एवढं धूड पाण्यातून सावकाश सरकतं आणि सीमेवर पोचलं तरी लगेच स्थिरावत नाही. मधला तुकडा तेलालगत बसतो, शेपट्या सुरुवातीला आडव्या पसरतात. मागून आणखी रेणू येऊन दाटी झाली की त्यांना पाण्यात उभं राहावं लागतं. ही सरकासरकी तुमच्या आलेखात दिसायला हवी.

आधी स्वच्छता, आणि इथे सवलत नाही. नुसत्या पाण्याचा थेंब हवेत लोंबवा : २५ अंशांना ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर यायलाच हवेत. मग हेक्साडेकेन अल्युमिनाच्या कॉलममधून दोनदा काढा आणि शुद्ध पाण्यात त्याचा थेंब धरा. आकडा ५२-५३च्या आसपास यावा आणि अर्धा तास तिथेच राहावा. हळूहळू घसरत असेल तर तेलात किंवा सिरिंजमध्ये काहीतरी आहे. पॉलिमरची बाटली उघडूच नका. खाद्यतेल वापरणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. त्यातली सुटी मेदाम्लं स्वतःच सीमेवर जाऊन बसतात आणि श्रेय पोलॉक्सामरला मिळतं. काचसामान भांडी घासायच्या साबणाने धुऊ नका, आणि काचेच्या तोटीला ग्रीस लावू नका.

द्रावणासाठी पोलॉक्सामरचे पापुद्रे थंड पाण्यात टाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. गरम करून घाई करण्याची सवय इथे उलटते, कारण थंडीत मधल्या तुकड्यालाही पाणी चालतं. जोरात ढवळू नका, फेस होतो. सुरुवातीला ०.००१ टक्का तीव्रता घ्या. एवढ्या विरळ द्रावणात संथपणा स्वच्छ दिसतो. मोजणीच्या वेळी मात्र क्युव्हेटचं (द्रावण ठेवायच्या छोट्या पारदर्शक पात्राचं) तापमान बांधून ठेवा. २५ वरून ३५ अंशांवर गेलात तर मायसेल (रेणूंचे एकत्र आलेले गोळके) बनू लागण्याची तीव्रता कित्येक पटींनी खाली येते, आणि दुपारची मोजणी सकाळच्या मोजणीशी जुळत नाही.

तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून सुई इंग्रजी 'जे'सारखी वाकडी हवी. थेंब वरच्या दिशेने फुगतो. मी १६ गेजची सुई वापरते. शुद्ध पाण्यात ४० मायक्रोलिटरचा थेंब छान उभा राहतो. त्यापेक्षा फार लहान घेतला तर तो जवळजवळ गोल राहतो आणि आकारावरून ताण काढणारं गणित डळमळतं. पण पोलॉक्सामरच्या द्रावणात तोच ४०चा थेंब ताण उतरता उतरता लांबट होतो आणि सुटून वर निघून जातो, तेही बहुधा तुम्ही चहाला गेलेले असताना. तिथे १५ घ्या. सुरुवातीची काही सेकंदं विश्वासार्ह नसतील, ते सोसा.

आता थांबा. पहिल्या मिनिटात दर सेकंदाला फोटो, पुढे दर दहा सेकंदांना, किमान एक तास. विरळ द्रावणाला तीन-चार तासही लागतात. वेळेचा अक्ष लॉग घ्या. साध्या अक्षावर पाचव्या मिनिटाला रेघ सपाट झाल्याचा भास होतो. लॉगवर तीच रेघ उतरताना दिसते. दर वेळी थेंबाचं आकारमानही तपासा : सिरिंजचा दट्ट्या गळत असेल तर थेंब आकसतो, सीमेवरचे रेणू दाटतात आणि ताण खोटाच उतरतो.

शेवटची चाचणी मला सगळ्यांत आवडते आणि बहुतेक जण ती टाळतात. थेंब तसाच ठेवून भोवतालचं द्रावण हळूहळू काढा आणि तेवढ्याच वेगाने शुद्ध पाणी आत सोडा, क्युव्हेटच्या दहापट तरी. दोन्ही नळ्या थेंबापासून लांब, नाहीतर प्रवाहाने तो हलतो. साबण असता तर तो धुतला गेला असता आणि ताण परत चढला असता. पोलॉक्सामरचा ताण फार थोडा, फार सावकाश चढतो. एकेका रेणूचा लांबलचक मधला तुकडा इतक्या जागी टेकलेला असतो, की ते सगळे टेकू एकदम सुटणं जवळजवळ घडतच नाही. पहिल्यांदा ती रेघ पाहिली तेव्हा पंप बंद पडलाय असं समजून मी सगळं पुन्हा जोडलं होतं. पंप नीट चालू होता.