परदेशात सिम घेताना या चुका टाळा. बऱ्याचशा घरीच टळतात

बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर सिम विकणारी मुलगी भारी चपळ होती. पासपोर्ट घेतला, फोटो काढला, माझं सिम उपसून तिथलं घातलं आणि काढलेलं भारतीय सिम पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चिकटपट्टीने चिकटवून हातात दिलं. दोन मिनिटांचं काम. मी खूश. रात्री हॉटेलात दुसऱ्या दिवशीच्या बोटीची तिकिटं काढायला बसलो, कार्डाचा नंबर टाकला आणि बँकेने ओटीपी पाठवला. गेला कुठे? पाकिटातल्या पुठ्ठ्यावर, चिकटपट्टीखाली.

सिम परत घातलं तरी मेसेज येईना, कारण निघताना त्या नंबरवर इंटरनॅशनल रोमिंग सुरूच केलं नव्हतं. तेव्हापासून कुणी ‘कुठल्या कंपनीचं सिम घेऊ?’ असं विचारलं की मी आधी त्याचा फोन बघायला मागतो. थायलंडमध्ये एआयएस की ट्रू, श्रीलंकेत डायलॉग की मोबिटेल, यावर लोक तासन्‌तास खल करतात. शहरांतून आठ दिवस फिरणाऱ्याला त्याने फारसा फरक पडत नाही. घोळ होतो तो आपल्याच फोनमध्ये आणि आपल्याच भारतीय नंबरात.

भारतीय सिम काढून ठेवणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. भारतीय सिम फोनमध्येच राहू द्या आणि इंटरनेटसाठी तिथलं सिम दुसऱ्या जागेत घाला किंवा ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच उतरवून घ्यायचं सिम, घ्या. भारतीय सिमवर रोमिंग सेवा चालू पण डेटा रोमिंग बंद, असं ठेवायचं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कॉल आणि एसएमएससाठी; ती कंपनीच्या ॲपमधून किंवा कस्टमर केअरकडून सुरू होते आणि ती भारतात असतानाच करून घ्यावी. दुसरी इंटरनेटसाठी; ती फोनच्या सेटिंगमध्ये असते. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला आपल्याकडच्या कंपन्या सहसा पैसे लावत नाहीत, तरी आपल्या प्लॅनचं एकदा विचारून घ्या. आलेला कॉल उचलला तर मात्र मीटर पडतो. क्रेडिट कार्ड विकणाऱ्यांना तुम्ही परदेशात आहात हे ठाऊक नसतं.

यात दोन खाचखळगे आहेत. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये दुसऱ्या सिमची जागा आणि मेमरी कार्डाची जागा एकच असते. कार्ड आधीच बसलेलं असेल तर सिम जाणार कुठे? हे काउंटरसमोर रांगेत उभं असताना कळण्यात मजा नाही. दुसरा खळगा आयफोनचा. त्यात ‘अलाउ सेल्युलर डेटा स्विचिंग’ नावाचं एक बटण असतं. ते चालू राहिलं तर तिथल्या सिमची रेंज गेल्यावर फोन परस्पर भारतीय सिमचा डेटा वापरू शकतो, आणि तुमचं डेटा रोमिंगही चालू असेल तर बिल येतं. ते बंद करा. सॅमसंगमध्येही असंच आपोआप सिम बदलणारं बटण आहे, तेही बंद.

यूपीआय ॲपही सिमशी बांधलेलं असतं. सिम काढलं की काही ॲप पुन्हा पडताळणी मागतात आणि त्यासाठी त्याच नंबरवरून एसएमएस जावा लागतो. आणि नवं सिम घातल्यावर ‘नंबर बदलायचा का?’ असं व्हॉट्सॲपने विचारलं तर नाही म्हणा. नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर ‘हा कोण परका नंबर?’ अशी चर्चा सुरू होते.

अमेरिकेहून आलेला फोन

मुलगा न्यू जर्सीत, त्याने दिवाळीला आईबाबांसाठी आयफोन आणला, आणि आईबाबा तो घेऊन व्हिएतनामला निघाले. अशी घरं आता पुण्यात गल्लोगल्ली आहेत. तो फोन आयफोन १४ किंवा त्यानंतरचा, अमेरिकेत विकला गेलेला असेल, तर त्यात सिम घालायची फटच नसते. २०२२ मध्ये आलेल्या त्या मॉडेलपासून तिथले आयफोन फक्त ई-सिमवर चालतात. काउंटरवाला प्लॅस्टिकचं सिम पुढे करतो आणि दोघं फोन उलटापालटा करून फट शोधत बसतात.

तिथे हप्त्यांवर घेतलेला फोन मोबाइल कंपनीने लॉक केलेलाही असू शकतो, म्हणजे त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे जाऊन ‘कॅरियर लॉक’ बघा. समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असेल तर मोकळा आहे. फोन ई-सिम घेतो की नाही, हे पाहायला डायल पॅडवर *#०६# दाबा. येणाऱ्या यादीत ‘ईआयडी’ असा लांबलचक क्रमांक दिसला तर घेतो.

उलटी बाजूही आहे. आपल्याकडून अमेरिकेला नेलेल्या फोनमध्ये एटी अँड टी या तिथल्या मोबाइल कंपनीचं सिम घालायचं असेल, तर तो फोन त्यांच्या मान्य यादीत आहे का, ते आधी बघा. त्यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं, तेव्हापासून यादीबाहेरच्या फोनची अडचण होते. आणि सहा महिने नातवंडांकडे राहणार असाल, तर इथल्या नंबरचं रिचार्ज विसरू नका. मुदत संपली की येणारे ओटीपी बंद, आणि ९० दिवस अजिबात वापर नसला तर नंबर कायमचा जाऊ शकतो. पेन्शनचं खातं त्याच नंबरला जोडलेलं असतं!

‘युरोप’ असं छापलेलं सिम

पॅरिसला उतरायचं, मग स्वित्झर्लंड, शेवटी इटली: आपल्या टूरचा हा ठरलेला रस्ता. व्हिसा एकच, त्यामुळे सिमही एकच चालणार असं गृहीत धरलं जातं. युरोपियन युनियनमध्ये १५ जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा पैसे न देता चालतं, हे खरं. पण स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे त्या एका व्हिसाच्या देशांत, असला तरी युनियनमध्ये नाही आणि या रोमिंगच्या नियमातही नाही. म्हणजे फ्रान्समध्ये घेतलेलं सिम नेमकं युंगफ्राउच्या बर्फात, फोटो पाठवायच्या वेळी, गप्प होऊ शकतं. ब्रिटनलाही आता तो नियम लागू नाही. पाकिटावर देशांची यादी असते, ती वाचा. काही कंपन्या स्वित्झर्लंड आपणहून धरतात, काही नाही. शिवाय पाकिटावर १०० जीबी लिहिलेले असले तरी त्या देशाबाहेर वापरायची मर्यादा बरीच कमी असू शकते.

देश बदलला की सवयीही बदलाव्या लागतात

दुबईत तिथल्या सिमवर व्हॉट्सॲपचे मेसेज जातात, पण व्हॉट्सॲप कॉल लागत नाही. सिम बिघडलेलं नसतं, नियमच तसा आहे. काउंटरवाल्याशी भांडू नका. चीनमध्ये तर स्थानिक सिमवर गूगल आणि व्हॉट्सॲप दोन्ही बंद. तिथे रोमिंगचं किंवा बाहेरच्या देशाचं ई-सिम बरं, कारण त्याची माहिती बाहेरच्या कंपनीमार्फत जाते. जपानमध्ये पर्यटकांना मिळणारी बहुतेक सिमं फक्त डेटाची असतात, फोन नंबर मिळत नाही. इंडोनेशिया आणि तुर्कस्तान फोनच्या आयएमईआय क्रमांकाची (प्रत्येक फोनच्या वेगळ्या ओळख क्रमांकाची) नोंद मागतात, पण थोड्या दिवसांच्या पर्यटकाला त्याचा फार जाच होत नाही.

सिम घातलं, नेट चालेना

काउंटर सोडण्याआधी विमानतळाचं वायफाय बंद करा आणि मगच नकाशा उघडून बघा. ही साधी गोष्ट कुणी करत नाही. फोन वायफायवर असतो, सगळं झकास चालतं, आणि टॅक्सीत बसल्यावर अंधार.

तरी अडलंच, तर आधी विमान मोड चालू करून बंद करा. मग डेटासाठी नवंच सिम निवडलंय ना, ते बघा. बाहेरच्या कंपनीचं किंवा अनेक देशांत चालणारं ई-सिम असेल तर त्या सिमवर डेटा रोमिंग चालू करावं लागतं. ‘रोमिंग म्हणजे बिल’ हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की लोक ते बंद ठेवतात आणि ई-सिम फसवं निघालं म्हणतात. त्यानंतर एपीएन, म्हणजे फोनला कंपनीच्या इंटरनेटशी जोडणारं नाव: पाकिटावर किंवा ईमेलमध्ये दिलेलं नाव सेटिंगमध्ये अक्षर न चुकता टाका. शेवटचा उपाय म्हणजे नेटवर्क आपोआप न निवडता हाताने निवडणं.

एक करू नका: वैतागून ई-सिम डिलीट करू नका. बऱ्याच ई-सिमचा क्यूआर कोड एकदाच चालतो. तो घरच्या वायफायवर निघण्याआधी टाकून ठेवावा, पण मुदत टाकल्यापासून मोजतात की तिथल्या नेटवर्कला जोडल्यापासून, ते वाचून.

‘अनलिमिटेड’ या शब्दावर फार जीव टाकू नका. रोजची मर्यादा संपली की वेग इतका पडतो की व्हॉट्सॲपचा मेसेज जाईल, व्हिडिओ कॉल नाही. आणि चौघांत एक सिम घेऊन हॉटस्पॉटवर भागवणारे पैसे वाचवतात खरे, पण रात्रीच्या बाजारात हॉटस्पॉटवाला पुढे गेला की उरलेले तिघे आंधळे. दोन तरी घ्या.

हातसामानात सिमचा कप्पा उघडायची पिन ठेवा. आमच्याकडे ती घरीच राहिली होती. बायकोच्या कानातल्याच्या दांडीने भागलं.