मेडिकल जर्नलचं संपादन गळ्यात पडलं असेल तर

आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजांत जर्नलचं संपादन बहुतेकांच्या गळ्यातच पडतं. ओपीडी, लेक्चर्स, परीक्षा सांभाळून करायचं काम. मीही तसंच करते. शेजारी विचारायला कुणी नसतं, म्हणून आधी माणसं जोडा. सॉफ्टवेअरचं नंतर बघता येईल.

सुरुवात 'वेम'पासून करा, म्हणजे वर्ल्ड असोसिएशन ऑफ मेडिकल एडिटर्स, स्थापना १९९५. सभासदत्व फुकट आहे. विषय वैद्यकीय नसेल तर युरोपातली 'ईझ' (युरोपियन असोसिएशन ऑफ सायन्स एडिटर्स) किंवा अमेरिकेतली कौन्सिल ऑफ सायन्स एडिटर्स आहे. तिथे वर्गणी पडते.

मग 'कोप'. प्रकाशनातल्या नैतिकतेसाठी १९९७ साली ब्रिटनमध्ये उभी राहिलेली समिती. अडचणीच्या प्रसंगी काय करायचं ते पायरीपायरीने सांगणारे तिचे फ्लोचार्ट कुणालाही मोफत उतरवून घेता येतात. मी प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवलेत. सगळ्यात जास्त बोट फिरतं ते लेखक वाढवण्याच्या चार्टवर. पेपर स्वीकारल्याचं कळवलं, की हमखास मेल येतो: "एचओडी सरांचं नाव राहून गेलं मॅडम, तेवढं घालता का?" लगेच हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. आधी कारण विचारा. मग प्रत्येक लेखकाची लेखी संमती मागा. पत्रव्यवहार करणाऱ्या एकट्याची चालत नाही. एकानेही आढेवेढे घेतले तर त्यांचं आपसांत ठरेपर्यंत पेपर थांबवा. सोबत 'आयसीएमजेई'च्या, म्हणजे मेडिकल जर्नल संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, लेखक ठरवण्याच्या चार अटी पाठवा: संशोधनात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात मोलाची दुरुस्ती करणं, अंतिम मजकुराला मान्यता आणि कामाची जबाबदारी. चारही पुऱ्या व्हायला हव्यात. हे वाचून काही नावं आपोआप गळतात. त्यांच्यासाठी ऋणनिर्देश आहेच की!

पेपर समीक्षकाकडे धाडण्याआधी संदर्भयादी झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. छापून आल्यावर मागे घेतलेला पेपर सापडला तर त्यापुढे लाल फुली येते; ही माहिती अशा पेपरांची नोंद ठेवणाऱ्या 'रिट्रॅक्शन वॉच'कडून येते. फुली दिसली म्हणून लगेच पेपर नाकारू नका, लेखकाला विचारा. कधीकधी तो संदर्भ टीका करण्यासाठीच दिलेला असतो.

'इक्वेटर' या संकेतस्थळावर पेपरात काय काय यायला हवं त्याच्या तपासणी-याद्या मिळतात: ट्रायलला कन्सॉर्ट, केस रिपोर्टला केअर. भारतातल्या ट्रायलचा सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया) नोंदणी क्रमांक स्वतः उघडून बघा. नोंदणीची तारीख पहिला रुग्ण घेतल्यानंतरची निघाली, तर समीक्षकाला त्रास देण्याआधी लेखकाकडून खुलासा मागवा.