पुरानंतर विहिरीच्या पाण्याचा वास जात नसेल तर

जुलै 2021 मध्ये म्हादईचा पूर ओसरल्यावर गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील आमच्या विहिरीची दुर्गंधी जाईना. तुरटीने पाणी निवळे, पण वास राही, आणि कोरडी ब्लीचिंग पावडर टाकूनही तो परत येई. सारे घर मेटाकुटीला आले होते. अखेर पाणी टप्प्याटप्प्याने उपसले (एकदम उपसल्यास भिजलेले चिरे ढासळू शकतात), तळाचा गाळ काढला, कडा घासल्या आणि नवे पाणी भरू दिले. मग दर 1000 लिटरला 5 ग्रॅम या हिशेबाने पावडर बादलीत कालवून दहा मिनिटे तिच्यातला चुना खाली बसू दिला आणि केवळ वरचे निवळ द्रावण दुसऱ्या बादलीने पाण्यात खोलवर सोडून ढवळले. तासाभराने क्लोरोस्कोपवर (पाण्यातला क्लोरीन मोजायचे साधन) 0.5 मिलिग्रॅम प्रतिलिटर मोकळा, म्हणजे जंतू मारायला शिल्लक उरलेला, क्लोरीन दिसला, तेव्हाच शेजाऱ्यांना पाणी भरू दिले.