गोचीड काढा, पण गडगाही बघा

आमचा कुत्रा मोत्या गुरांमागे फिरतो आणि दुपारी चिऱ्याच्या गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीला, टेकून झोपतो, त्यामुळे संध्याकाळी त्याला खळ्यात घेऊन तपासणं हे माझं ठरलेलं काम. कानाच्या आत, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी आणि बोटांच्या बेचक्यांत बघायचं. केस उलटे फिरवले की मसुराएवढा राखाडी फुगा हाताला लागतो.

तो बारीक चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढायचा. पिळायचा नाही, नखाने चिरडायचा तर नाहीच. काढलेला गोचीड स्पिरिटमध्ये टाका. रॉकेल लावायचा सल्ला शेजारी देतीलच, ऐकू नका, कातडी भाजते.

खरी मेख अंगावर नसतेच. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या फटीत हजारोंनी अंडी घालते. म्हणून फटी बुजवा, मोत्याचं झोपायचं गोणपाट उकळत्या पाण्यातून काढा, गोठाही झाडा.

मानेवर टाकायचं औषध वजन सांगूनच डॉक्टरांकडून घ्या. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं नको, मांजराला ते विष.

कुत्रा जेवेना, हिरड्या फिक्या पडल्या किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.